‘ते गाणं यात का नाही?’

एखाद्या गायिकेच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला की श्रोते दोन सुरांत बोलतात. पहिला सूर कौतुकाचा: काय आवाज, काय दिवस होते ते, आता असं गातं कोण! दुसरा कुरकुरीचा: अमुक गाणं यात का नाही, तमुक गाणं मूळ तबकडीवरचं नाही, वादकांची नावं कुठे गेली, आवाज इतका घासूनपुसून कशाला काढला? संगीतावर लिहिणारी मंडळी दोन्ही सुरांकडे कानाडोळा करतात. कौतुक त्यांना भाबडं वाटतं आणि कुरकूर हेकट. कौतुकाबद्दल त्यांचं फारसं चुकत नाही, कुरकुरीबद्दल मात्र साफ चुकतं, असं माझं म्हणणं आहे. संग्रह ऐकून ‘वा’ म्हणणारा श्रोता गायिकेबद्दल बोलत असतो आणि गायिकेचा निकाल केव्हाच लागलेला असतो. तो लागला म्हणून तर संग्रह निघाला. ‘ते गाणं यात का नाही’ म्हणणारा श्रोता संग्रहाबद्दल बोलतो. निवड कोणी केली, कशातून केली, कोणाच्या सोयीनं केली, हे तो विचारतो. लोकप्रिय गाण्यांना आपल्याकडे समीक्षा अशी फारशी लाभलीच नाही. जी झाली, तिच्यातला बराच भाग या तक्रारखोरांनी केला आहे. गायिका जॅझची असेल तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो, आणि तो तपासायला फार लांब जायची गरज नाही. लोर्ना कोर्देरो आपल्या शेजारच्याच.

लोर्नांचा जन्म १९४६ चा, मुंबईत वांद्र्याचा; घराणं मूळचं गोव्याचं. कोवळ्या वयातच त्या क्रिस पेरींच्या बँडबरोबर गाऊ लागल्या. पेरी मडगावचे, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे, स्वतः चाली बांधणारे आणि तालमीला कडक. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातला ‘व्हेनिस’ हा त्या काळी मुंबईच्या जॅझचा अड्डा होता. तिथे आणि पुढे कोलकात्याच्या क्लबांमध्येही लोर्ना रात्रीमागून रात्री इंग्रजी गाणी गायल्या. सत्तरच्या दशकाच्या तोंडावर एचएमव्हीनं त्यांची कोकणी गाणी छोट्या तबकड्यांवर काढली. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’ ही गाणी गोव्यात आणि गोव्याबाहेर जिथे जिथे कोकणी माणूस पोटापाण्यासाठी गेला तिथे पोचली. मग पेरींची आणि त्यांची वाट वेगळी झाली आणि लोर्नांचं गाणं थांबलं ते दोन दशकांहून अधिक काळ. १९९५ साली त्या गोव्यात पुन्हा मंचावर आल्या. बार्द्रॉय बार्रेतो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट याच दोघांच्या आयुष्याच्या आधारानं उभा राहिला आणि २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. एवढी हकिगत पुरे. माझा विषय त्यांचं आयुष्य नव्हे, त्यांच्या गाण्यांची जी पुडकी पुन्हापुन्हा बांधली जातात ती आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की जॅझ गायिका म्हणून जिची ख्याती, तिच्या संग्रहात जॅझ कुठे आहे? ‘व्हेनिस’मध्ये जे गायलं गेलं ते कोणी टिपून ठेवलं नाही. आज लोर्नांचं नाव ज्या तबकड्यांमुळे ओळखलं जातं त्या कोकणी गाण्यांच्या. म्हणजे ‘लोर्नांची सर्वोत्तम गाणी’ याचा खरा अर्थ ‘कंपनीनं जी छापली त्यांतली सर्वोत्तम गाणी’ एवढाच होतो. अशी तक्रार करणाऱ्याला नॉस्टॅल्जियाचा रोगी म्हणून वाटेला लावणं सोपं आहे, पण त्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलेलं असतं. जॅझमध्ये गाणं हे निमित्त असतं. तीच चाल आज एका लयीत, उद्या दुसऱ्या. एखादा शब्द आज मात्रेवर, उद्या मात्रा निघून गेल्यावर. गाणाऱ्याचं कर्तृत्व या फरकात असतं, आणि फरक कळायला निदान दोन खेप ऐकावं लागतं. संग्रह प्रत्येक गाण्याची एकच खेप देतो.

यावर उलट बाजूनं आक्षेप येतो की मुळात ही कोकणी गाणी जॅझ नाहीतच; ती नाचाची, लग्नाच्या रिसेप्शनची गाणी, त्यांना उगाच मोठं लेबल लावू नका. लेबलाची मला फिकीर नाही, पण गाणं कानानं तपासावं. ‘बेबदो’ ऐकताना शब्दांकडे जरा दुर्लक्ष करून आवाज तालावर कुठे पडतो एवढंच पाहावं. गाणारी बाई तालाला चिकटून चालत नाही. ओळीचा पहिला शब्द किंचित मागे ठेवते, मग पुढचे दोन-तीन शब्द घाईनं उरकून समेच्या आत परत येते. ओळी-ओळींमधल्या फटीत पितळी वाद्यं उत्तर देतात, भरणा करत नाहीत. आवाजही घासदार, खालच्या पट्टीत खर्जाकडे झुकणारा. ज्या काळात आपल्याकडे बारीक, उंच, निर्मळ आवाजाशिवाय बाईचं गाणं कोणी मान्य करत नव्हतं, त्या काळातला. हे सगळं ‘व्हेनिस’मध्ये शिकलेलं आहे. रात्रीचं जॅझ हरवलं हे खरं, पण त्याचा संस्कार या तीन मिनिटांच्या गाण्यांत मुरलेला आहे. संग्रहाला ‘हे जॅझ नाही’ म्हणून झटकणारा श्रोता आणि ‘हेच जॅझ’ म्हणून डोक्यावर घेणारा श्रोता, दोघेही अर्धवट ऐकतात. ‘उरलेलं कुठे आहे’ असं विचारणाऱ्याचं ऐकणं मला जास्त भरघोस वाटतं.

संभाजीनगरसारख्या, समुद्रापासून दूरच्या शहरात लोर्नांशी आपला काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे, फक्त आडून आलेला. मराठवाड्याच्या कानावर जॅझ पडलं ते हिंदी सिनेमातून, आणि त्यात ते आणणारे हात बरेचसे गोव्याचे होते. सी. रामचंद्र १९१८ साली जन्मले ते गोदावरीकाठच्या पुणतांब्यात, आपल्या वैजापूर तालुक्याला लागून. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी जो झिंगवणारा पाश्चात्त्य ठेका वापरला त्यामागे चिक चॉकलेट नावानं गाजलेला, आल्दोन्याचा आंतोनियो शावियर वाझ हा ट्रंपेटवाला होता. त्याचा बँड त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याची चाल आणि आल्दोन्याचं ट्रंपेट यांचा हा संसार आपण भगवानदादांचा नाच म्हणून पाहिला आणि सोडून दिला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही अ‍ॅरेंजर मंडळी हिंदी गाण्याचा वाद्यमेळ उभा करत राहिली. श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव मोठं आलं, यांचं बहुतेक वेळा आलंच नाही. तेव्हा ‘वादकांची नावं का गाळली’ ही तक्रार नुसती छांदिष्टाची नव्हे. ती सत्तर वर्षं जुनी थकबाकी आहे.

आता निवडीकडे येऊ. गाण्यांची निवड आवडीनं होते, हा भ्रम आहे. ती आधी मालकीनं होते, आवड नंतर येते. सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचं. १९३९ साली तिला ‘स्ट्रेंज फ्रूट’ ध्वनिमुद्रित करायचं होतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या जमावाकडून काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारलं जाई, त्याबद्दलचं हे गाणं. कोलंबिया ही तिची कंपनी नाही म्हणाली; तिनं ते कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीकडे केलं. ती कंपनी एका दुकानातून जन्मलेली. तिथपासून पुढे जो कोणी कोलंबियाच्या साठ्यातून हॉलिडेची ‘सर्वोत्तम गाणी’ बांधायला बसेल, त्याच्यापुढे तिचं सर्वांत प्रसिद्ध गाणं नाही. ‘ते यात का नाही’ असं विचारणारा ग्राहक नकळत थेट १९३९ च्या त्या नकारापर्यंत पोचतो. कौतुक करणारा कधीच पोचत नाही; त्याच्यासमोर जे ठेवलं ते त्याला गोड लागलं. मालकी कळल्याशिवाय निवड कळत नाही, आणि मालकीचा पहिला सुगावा नेहमी गैरहजर गाण्यातून लागतो.

मराठी श्रोत्याला हे शिकवायला अमेरिकेची गरज नव्हती. ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटवाल्यांनी त्याला पुरेसं तयार केलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती: मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात पुन्हा मुद्रित करता येई. टी-सिरीजनं ही वाट हमरस्ता करून टाकली. जुनी गाजलेली गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. आवरणावर जुन्या गायकाची याद ठळक, खऱ्या गाणाऱ्याचं नाव बारीक. दुकानात गिऱ्हाईक कॅसेट उलटून आतल्या कागदावरची बारीक अक्षरं डोळ्यांशी धरून वाचायचं आणि मग दुकानदाराला विचारायचं, ‘ओरिजिनल आहे ना?’ या तीन शब्दांत ऐकण्याचा एक मोठा संस्कार भरला आहे. गाण्याचे शब्द तेच, चाल तीच, तरीही गाणं तेच नाही, हे संगीतशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाला ठाम कळत होतं. लोर्नांची गाणी चित्रपटासाठी पालोमी घोष हिनं नव्यानं गायली आणि चांगली गायली. तरी कोकणी श्रोत्यांमध्ये मूळ तबकडीचा आग्रह धरणारे आहेतच, आणि तो आग्रह नव्या गायिकेच्या विरुद्ध आहे असं समजायचं कारण नाही. ‘मला १९७१ च्या आसपासचा तो वाद्यमेळ, तो मायक्रोफोन, ती खोली हवी’ असं ते म्हणतात. इतिहासाचा अभ्यासक मूळ कागद मागतो तेव्हा त्याला आपण हट्टी म्हणत नाही.

इथे नॉस्टॅल्जियाचा आक्षेप नीट घ्यायला हवा, कारण तो पोकळ नाही. श्रोता गाण्यात गाणं ऐकत नाही, स्वतःची विशी ऐकतो. म्हणून त्याच्या मताला पुरावा मानू नये, असा तो आक्षेप. यात अर्धं खरं आहे. पण आठवणींचा भुकेला माणूस निवडक नसतो. त्याला त्या काळातलं काहीही चालतं, जरा सुमार असलं तरी. ज्याला हेच गाणं, याच तबकडीवरचं, याच लयीतलं हवं असतं, तो आठवणीच्या पलीकडे काहीतरी ऐकत असतो. शिवाय लोर्नांच्या बाबतीत आठवणीचा हिशेब जमत नाही. गायिका मंचावर नाही, नवी तबकडी नाही, जाहिरात नाही, अशी वीसपेक्षा जास्त वर्षं गेली आणि तरीही १९९५ च्या पुनरागमनाला श्रोते होते. २०१४ नंतर या गाण्यांवर नाचणाऱ्या पोरांना तर सत्तरच्या दशकाची आठवण असायचा प्रश्नच नाही. जुनी आठवण नव्या माणसाला उसनी देता येत नाही. गाणं देता येतं.

उलट नॉस्टॅल्जिया खरा कुठे घात करतो, तर उतारवयातल्या आवाजाबद्दल. १९९५ नंतरच्या लोर्ना ऐकून ‘आवाज तो राहिला नाही’ म्हणणारे भेटतात. या तक्रारीशी मात्र माझं जमत नाही. हॉलिडेचं ‘लेडी इन सॅटिन’ १९५८ चं, तिच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचं. आवाज चिरफळलेला, दम अपुरा. निम्मे श्रोते ते ऐकवत नाही म्हणतात, निम्मे तेच तिचं शिखर मानतात, आणि साठ वर्षं झाली तरी तंटा मिटलेला नाही. मी दुसऱ्या बाजूचा. जॅझ गाणं बोलण्याच्या जवळ असतं. बोलणारा आवाज वयानं बदलला म्हणून कमी सांगत नाही. आपल्याकडे उतारवयातल्या गवयाच्या मैफिलीला आपण ‘आता खरा विचार ऐकायला मिळतो’ म्हणून जातो. तोच उदारपणा क्लबात गाणाऱ्या बाईच्या वाट्याला का येऊ नये? तिचं तारुण्य हाच तिचा गुण होता, असं आपण न बोलता ठरवलेलं असतं. म्हणून तक्रारखोरांची बाजू घेतानाही सगळ्या तक्रारी एका मापाच्या नाहीत, हे सांगावंच लागतं. निवडीवर आणि श्रेयावर उठलेली तक्रार ऐकावी. गायिकेच्या वयावर उठलेली कुरकूर श्रोत्याबद्दल जास्त सांगते.

तीन मिनिटांच्या तबकडीत रात्रभराचं गाणं मावत नाही, या दुःखाकडे परत येतो, कारण मराठवाड्यात ते नवं नाही. दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांचे आणि भीमगीतांचे स्टॉल लागत आले आहेत. आधी कॅसेटा, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. वामनदादा कर्डकांच्या रचना तिथे ‘निवडक’ म्हणून मिळतात. ज्यांनी हे गाणं रात्रीच्या कार्यक्रमात, सामन्याच्या ईर्ष्येनं, समोरच्या वस्तीचं नाव ओवत वाढत जाताना ऐकलं आहे, त्यांना कॅसेटवरचा तुकडा सांगाडा वाटतो. तरीही तो सांगाडाच गावोगावच्या जयंतीला वाजतो, आणि त्यावरून नवा गायक पुन्हा गाणं वाढवतो. जॅझचा इतिहास याहून वेगळा नाही. लुई आर्मस्ट्राँगची १९२५ ते १९२८ मधली ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ची ध्वनिमुद्रणं तीन-तीन मिनिटांचीच होती, जगभरचे वादक त्यांवरून शिकले. तेव्हा तबकडीत जॅझ मावतच नाही, हे म्हणणं जरा घाईचं आहे. मावतं, पण आटीव होऊन. संग्रहानं एवढं कबूल करावं की आपण देतोय ते आटीव आहे, पूर्ण नाही. बहुतेक संग्रह ते कबूल करत नाहीत, म्हणून भांडण.

आता कोणी म्हणेल, मोबाइलवर सगळी गाणी असताना संग्रहाची चर्चा हवी कशाला? याला ‘सगळी’ म्हणता येत नाही. जे मालकानं चढवलं ते. आणि त्यातलंही समोर येतं ते जे आधीच जास्त वाजलं ते. अमीन सयानींची ‘गीतमाला’ १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाणी क्रमानं लावायची तेव्हा निदान दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं हा आधार जाहीर असे. क्रमावर वाद घालता येई, लोक हिरिरीनं घालत. आजचा क्रम कोण लावतं ते विचारायला पत्ताच नाही. एवढं मात्र कबूल करायला हवं की नव्या साधनांनी ‘गाजलेलं’ या शब्दाचा काळ लांबवला. लोर्नांहून वर्षभरानं मोठ्या, मुंबईच्याच आशा पुथली यांचं पाहा. ऑर्नेट कोलमन या बंडखोर सॅक्सोफोनवादकाच्या ‘सायन्स फिक्शन’वर त्या १९७१ साली गायल्या, आपल्याकडे ते फारसं कोणाच्या कानावरही आलं नाही. १९७६ चं त्यांचं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नाचगृहांत फिरलं, नव्वदीत रॅप गायकांनी त्याचे तुकडे उचलले, आणि २०२२ साली ‘मिस्टर बाँगो’ या ब्रिटिश कंपनीनं त्यांच्या गाण्यांचा संग्रह काढला. गाणं ‘हिट’ व्हायला चाळीस वर्षं लागली आणि ते केलं श्रोत्यांनी, डीजे नावाच्या श्रोत्यांनी. लोर्नांच्या मागे कोकणी समाज उभा होता. पुथलींच्या मागे असा एकही समाज नव्हता. तरी दोघींचा हिशेब शेवटी ऐकणाऱ्यांनीच पुढे चालवला.

राहता राहिला नावाचा प्रश्न. ही गाणी लोर्नांची की पेरींची? गोव्यात यावर पैज लागू शकते. पेरींचा पक्ष म्हणतो, चाल, वाद्यमेळ, शिस्त, सगळं त्यांचं. आवरणावर मात्र बाईचा चेहरा. लोर्नांचा पक्ष म्हणतो, तीच चाल दुसऱ्या गळ्यात घालून बघा. मला दोन्ही पक्षांची भूमिका रास्त वाटते, आणि दोघांनाही एकाच संग्रहात बसवायची सोय जॅझनं कधीच करून ठेवली आहे. एला फिट्झजेराल्डनं १९५६ साली कोल पोर्टरच्या गाण्यांचा संच केला तेव्हा आवरणावर गायिका आणि रचनाकार दोघांची नावं होती, आणि त्यामुळे एलाचं मोठेपण तसूभरही कमी झालं नाही. पेरी २००२ साली गेले. त्यांच्या चाली, लोर्नांचा आवाज, प्रत्येक गाण्यापुढे मूळ तबकडीचं साल, त्या दिवशी स्टुडिओत बसलेल्या ट्रंपेट, बास, ड्रमवाल्यांची नावं, आणि १९९५ नंतरची ध्वनिमुद्रणं जुन्यांत न मिसळता वेगळ्या भागात: असा संग्रह काढायला सवलत नको, अनुदान नको, फक्त कंपनीच्या कपाटातली जुनी रजिस्टरं उघडायला हवीत. तोपर्यंत आवरण उलटून बारीक अक्षरं वाचणाऱ्या गिऱ्हाइकानं दुकानदाराचं डोकं खात राहिलेलं बरं.